न शिवलेलं झबलं

तोंडात कायम चार टाचण्या, म्हणून सगळे तिला टाचणीमावशी म्हणत. बोलणं टाळायला शिवणकामाहून सोयीचा धंदा नाही. गिऱ्हाइकानं भलतंसलतं काही विचारलं, की ती नुसतं "हं" म्हणे.

आगमनकाळ लागला, की चर्चचं शिवणकाम तिच्याकडे येई. नाताळच्या आधीचे चार आठवडे. दर रविवारी वेदीपाशी एक मेणबत्ती वाढायची, आणि इकडे मावशीच्या मांडीवर गायकमंडळाचे पांढरे झगे. दुपारचं कलतं ऊन त्या कापडावर सांडे, मशीन गुणगुणत राही, आणि बसल्या जागी आपण कुठेतरी वाहत चाललोय असं तिला वाटे. त्या तंद्रीत दोन झबली डोळ्यांपुढे तरंगत येत. एक पिवळं, एक आकाशी.

सुनेला याआधी दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा मावशीनं हौसेनं झबलं शिवलं, दोन्ही वेळा बाळ काही हाती लागलं नाही. झबली कपाटाच्या तळाशी गेली. आता तिसऱ्यांदा सातवा महिना चालू होता, आणि मावशीनं कात्रीला हात लावला नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. हिनं तर ताकाचं भांडंच उपडं घातलं होतं.

"वाट पाहायची म्हणजे नुसतं बसून राहायचं नाही, घर तयार ठेवायचं," फादर प्रवचनात म्हणाले. मावशी मनात म्हणाली, तुमचं काय जातंय बोलायला? तुमचं बाळ दरवर्षी ठरल्या तारखेला येतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सून हळूहळू जिना चढून शिवणाच्या खोलीत आली. मशीनशेजारी बसून बराच वेळ चिंध्यांच्या घड्या घालत राहिली.

"आई, याच्यासाठी काही शिवलं नाहीत?"

"हं."

"टाचण्या काढा आधी."

मावशीनं काढल्या. "भीती वाटते गं. मी शिवते, आणि मग..."

"मलाही वाटते. पण त्या दोघांची आपण वाट तरी पाहिली. नावांवरून भांडलो. याच्याकडे सगळं घर पाठ करून बसलंय. पुढचं देवाच्या हातात, पण आत्ता तर ते आहे ना?"

मावशीला रडूच फुटलं. सात महिने पोर घरात होतं, आणि आजीनं त्याला साधं ये म्हटलं नव्हतं.

तिनं नाक पुसलं, झगे बाजूला सारले आणि मऊ सुती कापड अंथरलं. खडू उचलला. रेघ वाकडी गेली. ती झटकून पुन्हा मारली. शिलाईच्या आत तिनं चांगलं दोन बोटं कापड जास्त सोडलं.

"एवढं कशाला?" सुनेनं विचारलं.

"उसवून मोठं करता येईल," मावशी म्हणाली. "पुढच्या आगमनकाळात त्याच्या अंगाला व्हायला नको?"