बाळारामदादांच्या ठणठणीत कोंबड्या

लॅबमधून रिपोर्ट बाहेर जातात आणि किस्से आत साठत राहतात. रिपोर्टवर सही करून तो पाकिटात घालता येतो, किश्शांचं तसं होत नाही. डबा उघडला की एक निघतो, त्याला धरून दुसरा. आमच्या नेरूळच्या लॅबमधले बरेचसे किस्से हसण्यासारखे आहेत. कोंबड्यांचे मी सांगायला लागले, की लोक आधी हसतात आणि मग हळूहळू गप्प होतात.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. लॅबमध्ये आम्ही तिघं. कुलकर्णी मॅडम प्रमुख, जंतू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. टेक्निशियन शिर्के मूळचे साताऱ्याचे, नडल्याशिवाय तोंड न उघडणारे. आणि तिसरी मी.

त्या सुमारास लघवीच्या जंतुसंसर्गाचे काही पेशंट नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनात. त्यात कधी हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या बायकाही होत्या. मॅडम म्हणाल्या, "हे आतड्यातले जंतू. औषधं पचवायला शिकले कुठे? माणसं तपासून झाली, आता माणसं काय खातात ते तपासू!"

म्हणून आम्ही कोंबड्यांकडे वळलो.

*

दिघ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी बाळारामदादांची पोल्ट्री होती. दादा तिथलेच, जुन्या गावातले. भातशेती नव्या शहरात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड घातली. साखर तपासायला आमच्याकडे यायचे, म्हणून ओळख. मॅडमनी कोंबड्यांचे नमुने मागितले तेव्हा ते पोट धरून हसले.

"कोंबरीचा रिपोर्ट? तिला काय नोकरीला लावायची हाय?"

कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन मी शेडवर गेले. काडी कोंबडीला नेमकी कुठे घालायची हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, कोंबडीला ते अजिबात मान्य नव्हतं. शेवटी दादांची सून वनिता धावून आली. दोरीवरचे कपडे गोळा करावेत तशा सहज तिने कोंबड्या उचलल्या आणि एकेक माझ्यापुढे धरली. "घाबरू नका ताई, ती चावत नाय. आमचे दादा चावतात!"

शेडचं सगळं तीच बघायची. पाण्याची भांडी घासणं, खाली साचलेलं उकरणं, सगळं नुसत्या हाताने. मग पदराला हात पुसून तिने मला चहा दिला. मी तो प्यायले, कारण इतक्या मायेने दिलेल्या चहाला नाही म्हणणं मला जमलं नाही.

*

पहिल्या प्लेटा उघडल्या आणि शिर्के चक्क बोलले.

आमची पद्धत साधी. प्लेटमध्ये जंतू पसरायचे, वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. इथे गोलच नाहीत! जंतू चकत्यांना खेटून वाढलेले.

"चकत्या एक्स्पायर झाल्यात," शिर्के म्हणाले.

नवी डबी फोडली. पुन्हा तेच. मग आमच्याकडच्या जुन्या, गरीब स्वभावाच्या जंतूंवर त्याच चकत्या लावून पाहिल्या, तर गोल कसे बांगडीसारखे उमटले.

"डबी चांगली आहे हो मॅडम. कोंबड्याच आजारी दिसतात."

"कोंबड्या ठणठणीत आहेत, शिर्के," मॅडम म्हणाल्या. "तेच तर!"

*

पुढच्या खेपेला शेडवर औषधवाला सेल्समन भेटला. पांढऱ्या पावडरीच्या पिशव्या उतरवत होता. पिशवीवर आमच्या चकत्यांवरच्याच एका औषधाचं नाव होतं. ही पावडर दर आठवड्याला कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात पडायची.

मी विचारलं, "यातली आजारी कुठली?"

"एकपण नाय. आजारी पडू नये म्हणून तर देतो! वजनपण झटपट भरतं. मॅडम, ये दवा नहीं, टॉनिक समझो."

दादांनी मान डोलावली. "येक कोंबरी शिंकली का आख्खी शेड झोपते, ताई. मंग आमी काय खावाचा?"

त्या माणसाचं सगळं घर त्या शेडवर उभं होतं. मी नुसतीच खाकरले, घसा धरला होता म्हणून. सेल्समनने लगेच पिशवीत बोटं घातली.

"घसा बसला? चिमूटभर गरम पाण्यात घ्या. आमच्या घरी सगळे हेच घेतात!"

*

मॅडमना राहवेना. सानपाड्याच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी चिकनविक्रेते आणि गृहिणी यांच्यासाठी भाषण ठेवलं. भाषण संपल्यावर एक विक्रेता उठला.

"मॅडम, शिजवल्यावर मरतात ना ते जंतू?"

"मरतात."

"मग टेन्शन कसलं?"

"चिकन ज्या पाटावर कापता, त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी कापता की नाही? ती कधी शिजवता?"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी अल्पोपाहार मागवला. चिकन लॉलीपॉप आणि काकडीचं सँडविच.

त्या दिवशी लॉलीपॉप चाटूनपुसून संपले. काकडीला कोणी हात लावला नाही!

*

हे आम्ही कितीतरी दिवस हसून सांगायचो. मग एके दुपारी वाशीच्या एका हॉस्पिटलमधून लघवी आणि रक्ताचे नमुने आले. बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचलं. वनिता.

जळजळ होत होती, गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. उतार नाही. गोळ्या बदलल्या, तरी नाही. मग थंडी वाजून ताप भरला आणि बोलता बोलता ती बरळायला लागली. दादा आमच्या बाकावर येऊन बसले. फक्त म्हणाले, "पोर वाचंल ना वो?"

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. जंतू चकत्यांना खेटून वाढलेले. शेडमधल्या कोंबड्यांचे वाढले होते तसेच, त्याच त्या औषधांना न जुमानणारे. एका चकतीभोवती मात्र गोल होता. एकाच.

मला रडू फुटलं. जंतूंची प्लेट बघून रडणारी मी पहिलीच असेन. शिर्क्यांनी माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली.

मॅडम आधीच फोनवर होत्या. इंजेक्शनचं नाव त्यांनी हॉस्पिटलला स्पष्ट सांगितलं, परत म्हणायला लावलं. फोन ठेवून म्हणाल्या, "दोन्ही प्लेटा जुळतात, म्हणून जंतू शेडमधूनच आले असं मला लिहिता येणार नाही. पण माझ्या मनातून ते जाणार नाही." जरा थांबून म्हणाल्या, "हेही औषध या जंतूंनी पचवलं, तर पुढच्या वनिताला द्यायला माझ्याकडे काही नाही."

*

वनिता वाचली. इंजेक्शन लागू पडलं, ताप उतरला, ती घरी गेली. दादा पेढे घेऊन आले तेव्हा मॅडमनी त्यांना समोर बसवलं आणि दोन्ही प्लेटा दाखवल्या. एक कोंबडीची, एक सुनेची. दादांनी वाकून दोन्ही निरखल्या. डोळे भरले त्यांचे.

"म्हंजे ती पावडर आता कायपन कामाची नाय?"

"नाही, दादा."

"बंद करतो. आजच बंद. तुमचा शब्द मोडायचा नाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. शिर्क्यांनी न सांगता सगळ्यांसाठी चहा मागवला.

दादांनी सुनेची प्लेट पुन्हा जवळ ओढली आणि त्या एकुलत्या एक स्वच्छ गोलावर बोट ठेवलं.

"मॅडम, माज्या पोरीला यानं उठवला. आता कोंबऱ्यांना पन हाच देतो. पान्यात इरघलतो ना?"