रांगेतला पहिला कुडम

चेन्नईत, मैलापुरातल्या आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी मी आणली. तीन वर्षं अर्ज लिहिले, इंजिनिअरच्या टेबलावर मूठ आपटली. शाळा आठवीत सुटली, पण तमिळमध्ये अर्ज असा लिहितो की साहेब दोनदा वाचतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्ट सईअक्काची आहे आणि तिच्यात माझा मान फारसा उरत नाही.

अक्का सत्तरीची, तंजावरकडच्या मराठी घरातली, साड्यांना फॉल लावून जगणारी. लॉरी सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, रांग तिची. पहाटे दारात कोलमची रांगोळी काढली की गल्लीतले सगळे कुडम, प्लास्टिकच्या घागरी, ती रंगावरून ओळखून ओळीने मांडायची. लाल रामस्वामीचा, पिवळा तुळजाजीचा. पहिला हिरवा, माझा. मध्ये कुणी घुसलं तर अक्का नुसती बघायची. माणूस आपोआप मागे जायचा.

मग जुनी घरं पडली, फ्लॅट उठले. त्यांच्या बोअरने आमचा हातपंप कोरडा केला, भाडी वाढली, माणसं गेली. रांगेत नऊ कुडम उरले. ड्रायव्हर म्हणाला, एवढ्यासाठी लॉरी आत घालणार नाही, शुक्रवारी वीस दिसले नाहीत तर ही गल्ली बंद. अक्काकडे दुसरं पाणी नव्हतं. लॉरी गेली की तिलाही घर सोडावं लागणार होतं.

मी अर्ज घेऊन दारोदार फिरलो. सह्या मिळाल्या सात.

फ्लॅटमधली इरा पुण्याची, सिरुसेरीला आयटी कंपनीत जाते. साडी द्यायला आली तेव्हा अक्काने तिला सांगितलं. त्यांच्या बोअरचं पाणीही खारट झालेलं. तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि अकरा घरं तयार झाली. चार ओळी. आणि माझी तीन वर्षं. वर ती अक्काला आजी म्हणायची, आणि जिची स्वतःची नात तमिळशिवाय बोलत नाही ती अक्का त्या हाकेने फुलून जायची. तिच्यासाठी कापी, म्हणजे कॉफी, घट्ट डिकाक्शनची. मला कायम त्याच पुडीवर ओतलेल्या दुसऱ्या पाण्याची.

शुक्रवारी अकरा कुडम खाली आले. सगळे निळे, एकाच मापाचे, इराने एकगठ्ठा मागवलेले. कुणाचा कुठला कळेना, फ्लॅटवाले आपसांत भांडू लागले, दोघे तर कुडम उचलून परत निघाले. मी भिंतीला टेकून बघत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

अक्का आत गेली आणि फॉलच्या कापलेल्या पट्ट्यांची पिशवी घेऊन आली. जांभळी, राणी, शेवाळी. एकेका कुडमाच्या गळ्यात एकेक पट्टी बांधून ज्याला त्याला रंग पाठ करायला लावत होती. परत निघालेले दोघेही थांबले. तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. चार कुडम बाकी होते.

"गिरीधरा," ती वर न बघता म्हणाली, "जळायला दिवसभर आहे. आता गाठी मार."

मी खाली बसलो. गाठी मारल्या.

ड्रायव्हरने मोजले. वीस. सोमवारीही येतो म्हणाला. मग अक्काने इराचा निळा उचलला आणि माझ्या हिरव्याच्या पुढे ठेवला.

"अक्का, तो नंबर माझा."

"लॉरी आणलीस म्हणून तुझा होता. आज तिने राखली."

इरा घाईने म्हणाली, काका, तुम्हीच राहा की पुढे. तिने दिलेला नंबर घेणारा मी नव्हे. माझा कुडम मीच मागे ओढला.