ठेवणीतला डाव

चीनच्या दक्षिणेला, योंगचुनच्या डोंगराखाली, आमच्या गावात, कांग गुरुजींचं घर कुणाला विचारावं लागत नाही. ते नाकानं सापडतं. अंगणभर व्हिनेगरचे रांजण, आणि रांजणांच्या मधल्या जागेत पंखांसारखे हात पसरून उभी असलेली गावातली धडधाकट माणसं. क्रौंचविद्या, म्हणजे क्रौंच पक्ष्यासारखं लढायची कला, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काही दिवस ठसका लागण्यातच जातात. गुरुजी म्हणतात, त्यानं छाती मोकळी होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या गुरुआई, म्हणतात, त्यानं माझं व्हिनेगर नासतं.

गुरुजी सत्तरी ओलांडलेले, अंगानं काटकुळे आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत असलेले. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करतानाही ते क्रौंचासारखा एक पाय उचलून उभे राहत. लोक कौतुकानं बघत. त्या पायाचा गुडघा दुखतो म्हणून तो उचललेला असे, हे फक्त गुरुआईंना ठाऊक होतं.

या विद्येत एक रीत आहे. गुरूनं शिष्याला सगळं द्यायचं, एक डाव सोडून. तो ठेवणीतला. मग म्हातारपणी, ज्याच्याकडे घराणं सोपवायचं त्याच्या हातचा चहा प्यायचा, आदिगुरूंच्या तसबिरीसमोर उभं राहून हा डाव मला कुणी दिला, त्यांना कुणी दिला, अशी सगळी नावं मोठ्यानं घ्यायची, आणि मग दार लावून तो डाव द्यायचा. नावांत खोटं बोलायचं नाही, एवढं एक पथ्य. आदिगुरू म्हणजे एक बाई होत्या, क्रौंच पक्ष्याकडे बघून त्यांनी ही विद्या उभी केली असं म्हणतात. त्यांच्या तसबिरीखाली पिढ्यान्‌पिढ्या फक्त पुरुष चहा पीत बसले आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

गुरुजींनी आपला डाव जिवापाड जपला. त्यांचे गुरू लिआव यांनी मरणाच्या आधीच्या थंडीत, याच घराच्या मागच्या अंगणात, दाराला कडी घालून तो त्यांना दिला होता. ‘हा तुझ्याबरोबर मातीत जाऊ देऊ नकोस,’ एवढंच म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. गुरुजींनी तो कुणाला दाखवला नाही, कुणासमोर केला नाही. आधी रोज पहाटे करत, मग कधीमधी, मग गुडघा धरल्यावर नुसता मनात. आणि या वर्षी, ट्रक चालवणारा बाओलाय हा आपला वारस असं जाहीर करून, तिथी ठरवून, पाहुण्यांना आवतणं देऊन झाल्यावर ते मागच्या अंगणात गेले, कडी घातली, पहिलं पाऊल टाकलं, हात उचलला, आणि तसेच उभे राहिले.

पुढचं आठवेना.

पुन्हा पहिल्यापासून केलं. पाऊल, हात, आणि पुढे भिंत. दुसरे डाव मात्र न बोलावता धावून येत होते, ज्यांची गरज नाही ते नातेवाईक लग्नात येतात तसे. गुरुजी घामाघूम झाले. इतका नीट लपवला होता की आता स्वतःलाच सापडत नव्हता.

त्यांनी अक्रोड खाल्ले. डोक्याला गरम पाण्याच्या पट्ट्या लावल्या. शेवटी मन मारून हाँगच्या अगरबत्तीच्या दुकानात गेले. हाँग म्हणजे त्यांचा धाकटा गुरुबंधू. लिआव गुरूंनी डाव आपल्याला न देता कांगला दिला, हे त्यानं आजवर पोटात ठेवलं होतं आणि रोज थोडं थोडं ओठांवर आणलं होतं.

“काय दादा, आज इकडे कसे?”

“सहज. अरे, आपले गुरुजी शेवटी शेवटी उजव्या बाजूला वळायचे की डाव्या?”

“कशात?”

“असंच. एकूणात.”

हाँगनं काड्या मोजायचं थांबवलं. “दादा, खरं सांगू? मला वाटतं तसला काही डावच नाही. म्हाताऱ्यानं तुमची थट्टा केली आणि तुम्ही जन्मभर रिकामी पेटी उराशी धरून बसलात.”

“तिथीला ये, मग कळेल.”

“येणारच की! पहिल्या ओळीत बसतो. चष्मासुद्धा नवा घेतलाय.”

घरी येताना गुरुजींच्या मनात एक चोरटा विचार आला. एखादा डाव बनवून द्यावा. बाओलाय भोळा आहे, त्याला काय कळतंय? पण मग तसबिरीसमोर लिआव गुरूंचं नाव घेऊन आपण रचलेलं काहीतरी त्या पोराच्या हातात ठेवायचं? त्यांना शिसारी आली. आपल्याबरोबर डाव मातीत जाणार, ही भीती आता खरी वाटू लागली. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

“ताट तसंच आहे,” गुरुआई म्हणाल्या. “गुडघा का?”

“नाही.”

“मग हाँग?”

“नाही गं.”

“डाव विसरलात वाटतं.”

गुरुजींच्या हातातल्या जेवायच्या काड्या भातात पडल्या. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? चार दिवस कडी लावून आत धापा टाकताय. कोंबडीमागे धावून मध्येच माघारी वळल्यासारखं करायचा, तोच ना तो?”

“कोंबडी? अगं, तो आपल्या घराण्याचा…” गुरुजी थांबले. वळणं! हो, मध्ये माघारी वळायचं होतं! “तू पाहिलास? कधी?”

“लिआव गुरुजींनी शिकवला तेव्हा मी तिथंच होते. रांजण ढवळत होते. त्यांनी विचारलं, अंगणात कुणी आहे का? तुम्ही काय म्हणालात, आठवतं?”

गुरुजींना आठवत नव्हतं.

“म्हणालात, कुणी नाही, बायको आहे.”

गुरुजी भातात पडलेल्या काड्या वेचू लागले.

“नंतर रोज पहाटे तेच. मग मी म्हटलं, बघावं तरी. भरलेला रांजण हलवताना तसंच वळून कमरेतून जोर लावला, आणि काय सांगू, रांजण आपणहून सरकला. तेव्हापासून मी तसाच हलवते.”

हे मात्र त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. जो रांजण त्यांना आणि बाओलायला मिळून हलत नसे तो ही एकटी इकडून तिकडे नेई, आणि ते शिष्यांना सांगत, बायकांना सवय असते.

“मग दाखव ना,” गुरुजी हळूच म्हणाले.

“असा कसा दाखवू? रीत काय आहे तुमची? चहा कुठाय?”

“काय?”

“फुकट डाव देत नाहीत म्हणे तुमच्यात.”

गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं. मग उठले. त्या घरात त्यांनी चहा असा कधी केला नव्हता. पत्ती कुठल्या डब्यात हे विचारावं लागलं, पाणी उतू गेलं, बोट भाजलं. पेला दोन्ही हातांत धरून ते कसेबसे दुखऱ्या गुडघ्यावर टेकले.

गुरुआईंनी एक घोट घेतला. “कडू झालाय,” त्या म्हणाल्या, पण पेला रिकामा केला. त्यांचे डोळे का भरून आले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि गुरुजींना विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मागच्या अंगणात कडी लागू लागली. बाहेर फक्त आवाज येई. “कंबर! अहो कंबर, खांदा नाही! एवढी माणसं शिकवलीत, त्यांचं कसं झालं असेल देव जाणे!” आणि मग ढवळण्याच्या काठीचा पोटरीवर बसलेला सपकारा.

तिथीला सगळं गाव लोटलं. तसबिरीपुढे उदबत्त्या, पाटीभर लाल रंगवलेली अंडी, आणि आत चुलीवर गुरुआई पाहुण्यांसाठी शेवया परतत होत्या. हाँग नवा चष्मा लावून पहिल्या ओळीत. बाओलाय इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात चहाचा पेला घेऊन गुडघ्यांवर.

गुरुजी उभे राहिले. दोन्ही पायांवर.

“हा डाव मला लिआव गुरूंनी दिला,” त्यांनी सुरुवात केली आणि मागची नावं जुन्या गुरूंपर्यंत नेऊन पोचवली. लोकांनी माना डोलावल्या. इथं थांबायचं असतं. गुरुजींना तसबिरीतल्या बाई आपल्याकडे बघताहेत असं वाटलं.

“पण तो मी हरवला,” ते म्हणाले. “चारचौघांत सांगतो, मी विसरलो. मग तो मला पुन्हा सू बीचिन यांनी शिकवला. बाओलाय, तू पुढे ज्याला देशील त्याला आधी हे नाव सांगायचं. सू बीचिन.”

अंगणात कुजबुज सुरू झाली. कोण हे सू बीचिन? कुठल्या गावचे? कुठलं घराणं?

कुणाला ठाऊक नाही म्हटल्यावर हाँगला राहवेना. तो मागे वळला. “सू बीचिन? म्हणजे काय! किनाऱ्याकडचे मोठे गुरू. माझ्या वडिलांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय. छातीपर्यंत पांढरी दाढी होती. एका हातानं बैल थांबवायचे.”

“सू बीचिन!” कुणीतरी आदरानं पुन्हा म्हणालं, जरा मोठ्यानं.

“ओ!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

झारा हातात, पिठानं पांढरे झालेले हात, अशा गुरुआई दारात येऊन उभ्या राहिल्या. “कोण हाक मारतंय? माझं नाव घेतलं ना कुणीतरी?” त्या सगळ्यांकडे बघत होत्या. माहेर सुटल्यापासून या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि ओ देताना त्यांचा आवाज अगदी मुलीसारखा आला होता.

हाँगनं हळूच चष्मा काढला आणि पुसत बसला.

बाओलायनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी हनुवटीनं दाराकडे खूण केली. तो पेला घेऊन उठला, रांजणांमधून वाट काढत गेला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला.

“अरे, मला कशाला?” बीचिनबाई म्हणाल्या. मग त्यांनी झारा गुरुजींच्या हातात दिला, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि पेला घेतला.

“शेवया बघा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “करपू देऊ नका.”