आवाज येऊन राहिला का?

बाबांचा आवाज माझ्याकडे नाही, हे लक्षात आलं तेव्हा त्यांच्या ऑपरेशनला थोडेच दिवस राहिले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी जिभेचा बराच भाग काढावा लागेल असं सांगितलं. बोलता येईल का, असं मी विचारलं तर ते म्हणाले, आधी माणूस वाचवू. बरोबरच होतं त्यांचं. तरी मला त्यांचा राग आला आणि तो राग मी परतीच्या गाडीत आमगाव येईपर्यंत बाबांवरच काढला. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घोटून खाल्ला, आता भोगा, असं बरंच काहीबाही मी बोलले. ते खिडकीतून धानाच्या मोकळ्या बांध्या बघत राहिले.

आमच्या भागात बाबांचा आवाज माहीत नाही असा माणूस विरळा. राईस मिलमध्ये यंत्राच्या वर आवाज काढून बोलायची सवय, त्यात माणूस मुळातच बोलका. धान कापून झालं की गावोगाव टेनिस बॉलच्या क्रिकेटच्या टूर्नामेंट लागतात आणि दुर्ग, रायपूर, नागपूरहून पैसे घेऊन खेळणारे खेळाडू येतात. कॉमेंट्रीला मात्र बाबाच लागायचे. अर्धी झाडीबोली, अर्धी हिंदी, आणि कॅच सोडणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत खबर. माईक हातात घेतला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. मैदानाच्या पार त्या टोकाला, धानाच्या तणसीच्या ढिगावर बसलेल्या लोकांना ते विचारत, "आवाज येऊन राहिला का?" तिकडून हात वर झाल्याशिवाय ते सामना सुरू करू देत नसत.

मी मोबाईल धुंडाळला. नातेवाइकांना, गावातल्या पोरांना, टूर्नामेंटच्या कमिटीवाल्यांना विचारलं. व्हिडिओ ढिगानं मिळाले. षटकार होते, बक्षिसं होती, बाबा माईक धरून उभे होते, तोंड हलत होतं. पण पोरांनी प्रत्येक व्हिडिओवर गाणं चढवलं होतं. मूळ कुणीही ठेवलेला नव्हता. इतकी वर्षं हा माणूस बोलत होता आणि कुणाच्या, अगदी माझ्याही, डोक्यात आलं नाही की हे जपून ठेवावं. रोज मिळणाऱ्या गोष्टीचं असंच होतं.

मग मी घरीच त्यांच्यापुढे मोबाईल धरला आणि म्हटलं, बोला.

"का बोलू?"

"काहीही बोला ना बाबा."

"काहीही कायले बोलू? मी का येडा आहो का?" एवढं बोलून त्यांनी तोंडाला पंचा लावला, कारण एव्हाना बोलताना लाळ गळायची. तेवढंही रेकॉर्ड झालं नाही, कारण मी बटणच नीट दाबलं नव्हतं.

चेंडू हलल्याशिवाय हा माणूस बोलणार नाही, हे मला कळून चुकलं. सोमवारी नागपूरला भरती व्हायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेजारच्या गावात फायनल होती. मी आईला म्हटलं, आपण तिघंही जाऊ. आई जन्मात कधी सामन्याला गेली नव्हती. नवरा माईकवर लोकांची टिंगल करतो, तिथे जाऊन मी कुठं तोंड लपवू, असं ती म्हणायची. त्या दिवशी तिनं वाद घातला नाही. तिनं डब्यात पातळ पेज भरली, दोन पंचे घेतले आणि सगळ्यात आधी ऑटोत जाऊन बसली.

मैदानावर पोचलो. या वर्षी कमिटीनं दुर्गचा कॉमेंटेटर आणला होता आणि त्याच्या जोडीला डीजे. आम्ही बसलो तिथून जवळच माणसापेक्षा उंच साऊंड बॉक्स लावलेले होते. चौकार गेला की गाणं, विकेट पडली की गाणं, काहीच झालं नाही तरी गाणं. छातीत धडधड व्हायची.

मोबाईल सुरू करून मी बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष मैदानाकडे होतं. दुसऱ्या ओव्हरला त्यांचे ओठ हलायला लागले. पाहुण्या बॉलरकडे बघून ते पुटपुटत होते, फिल्डरवर चिडत होते, मध्येच हसत होते. माझी युक्ती बरोबर निघाली होती. बाबा बोलत होते. आणि शेजारी बसून मला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, तर मोबाईलला काय येणार?

मी कपाळावर हात मारून घेतला. चार दिवसांनी ही जीभ राहणार नव्हती. आज ती चालत होती आणि तिच्यावर कुणीतरी लग्नाच्या वरातीतलं गाणं ओतत होतं. मी वाट पाहिली. आता थांबेल, ब्रेकमध्ये थांबेल. ब्रेकमध्ये आवाज आणखी वाढवला.

भीड भिकेची बहीण म्हणतात. मी उठले आणि तंबूत डीजेवाल्याकडे गेले. चाळिशीचा माणूस होता, कानात कापूस घालून बसलेला.

"भैया, थोडा आवाज कम करो."

"मैडम, पब्लिक इसी के लिए आती है. कम करूँगा तो कमेटीवाले मेरेको पकड़ेंगे."

मी पुन्हा म्हटलं. त्यानं मान हलवली. मग मला रडूच आलं आणि परक्या माणसापुढे, मोडक्या हिंदीत, सगळं सांगून टाकलं. जीभ, ऑपरेशन, खिशातला मोबाईल. असं कुणापुढे रडायची मला सवय नाही. त्यानं एका कानातला कापूस काढला, तंबूच्या फटीतून बाबांकडे पाहिलं.

"एक ओवर," तो म्हणाला. "बोलूँगा, वायर ढीली हो गई थी."

त्यानं सगळी बटणं खाली ओढली. दुर्गवाला माईकवर टिचक्या मारत बसला. मी धावत बाबांकडे निघाले. मैदान एकदम शांत झालं होतं. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला, पलीकडच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू आला. बोला बाबा, बोला, असं मी मनात म्हणत होते.

बाबा गप्प झाले होते. ते बॉक्सकडे बघत होते. माईक बंद पडला की सामना मरतो, हे ते नेहमी सांगायचे. ते उभे राहिले. आईनं त्यांचा शर्ट धरला, "बसा ना जी, लोक पाहून राहिले." त्यांनी तिचा हात सोडवला, दोन पावलं पुढे गेले, अगदी दोरीपाशी, आणि माईकशिवाय, त्या पलीकडच्या टोकाच्या लोकांना उद्देशून, असेल नसेल तो जोर लावून विचारलं, "आवाज येऊन राहिला का?"

शब्द अर्धे चावले गेले होते. ज्याला माहीत नाही त्याला कळलेच नसते. पलीकडून एकही हात वर झाला नाही. जवळचे काही जण हसले, कुणीतरी म्हटलं, म्हाताऱ्याले चढली वाटते. बाबा तिकडे बघत उभे राहिले. त्यांची मान खाली गेली आणि तेवढ्यात बॉक्स पुन्हा धडाडले.

उरलेला सामना ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीतही नाही.

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. आता घरी खाटेवर बसून असतात, नळीनं खातात, घशातून नुसता घोगरा आवाज निघतो. ते रेकॉर्डिंग मी कितीतरी दिवस लावलं नाही. त्यात तासभर गाणी आहेत, मग ते एक वाक्य, मग कुणाचं तरी हसणं, मग शांतता, मग पुन्हा गाणी. एका दुपारी त्यांनीच मोबाईलकडे बोट दाखवलं. मी ते वाक्य लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. नंतरची शांतता आली तसे त्यांनी डोळे उघडले आणि हाताचा पंजा हलवला. कुणीच नाही, असं.

तेव्हा मला उमगलं, त्यांनी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मायनं हात वर केला होता. तुमच्या मागं. पंचा धरलेला हात. सगळ्यांसमोर."

आई दारात तांदूळ पाखडत होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिनं सूप खाली ठेवलं आणि हात वर केला.