राखून ठेवलेले डोळे

तेवढ्या लांबचं, त्या बर्फातलं कॉलेज का निवडलंत, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, घरी परत यायचं होतं म्हणून. लोक हसतात. हसा बाबांनो, हसा! परत यायचं म्हणून कुणी आणखी लांब जातं का? पण तेव्हा आम्हा सगळ्यांना त्यातच शहाणपण दिसलं होतं. त्या शहाणपणाचा मला अजून संताप येतो.

आमचं घर पिंगळीजवळ. मेंढरं पाळायची, थोडी कोरडवाहू जमीन कसायची आणि पिकं निघाली की लोकांच्या रानात खतासाठी कळप बसवायचा, यावर घर चालायचं. निजामाचं राज्य संपलं होतं, पण हैदराबाद राज्य होतं आणि परभणी त्यातच होती. मी हैदराबादला राहून इंटर झालो. तिथल्या मेडिकलला थोडक्यात हुकलो. मुंबईकडं अर्ज टाकला, तर तिकडचे म्हणाले, तुम्ही परक्या राज्यातले. डॉक्टरकीचा नाद सोडावा असं ठरवत होतो, तेवढ्यात मागास जमातीच्या पोरांना परदेशी शिकायला सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळायला लागली आणि त्यात माझा नंबर लागला. माय कुणालाही धरून सांगायची, "आमचं पोरगं बोटीत बसायलंय!" जणू बोटीत बसणं हीच डॉक्टरकी.

मला डोळ्यांचाच डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्याला कारण आबा, माझे वडील. पन्नाशीच्या आतच त्यांना धुरकट दिसायला लागलं होतं. कळपातली लंगडी मेंढी ओळखायला ते चार पावलं जास्त जवळ जायचे आणि वर आम्हालाच म्हणायचे, "ऊन लय झालंय औंदा." गावोगाव फिरून सुईनं मोतीबिंदू पाडणारा एक वैदू तेव्हा आमच्याकडं यायचा. आबांनी त्याला भाकरी खाऊ घातली आणि वाटेला लावलं.

"डोळे राखून ठेवलेत," ते त्याला म्हणाले. "माझ्या पोराची भवानी हाय ती."

भवानी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. सेलूच्या बाजारात मेंढरं विकायला बसले की आबा भवानी कुणाच्या हातची होते, हे फार बघायचे. ज्याचा हात चांगला नाही असं त्यांना वाटे, त्याला पहिलं मेंढरू द्यायचेच नाहीत. दुपार झाली, तोंड वाळलं, चार गिऱ्हाइकं परत गेली, तरी हे आपले बसून. मग मनासारखा माणूस आला की झटक्यात सौदा. माझ्या डॉक्टरकीची भवानी दुसऱ्या कुणाच्या हातची होऊ द्यायची नाही, हे त्यांनी मी बोटीत बसायच्या आधीच ठरवून टाकलं. आणि मीही छाती फुगवून "हो आबा, तुमचेच डोळे पहिले" म्हणालो होतो.

मला दोन कॉलेजांनी घ्यायचं कबूल केलं होतं. एक लंडनचं. त्याला लागून डोळ्यांचं मोठं इस्पितळ होतं आणि तिथं शिकलेल्या पोरांना पुढं त्याच इस्पितळात उमेदवारी मिळायची. दुसरं पार वर, स्कॉटलंडमधल्या एका थंड गावात. तिथं डोळ्यांचं म्हणावं असं खास काही नव्हतं. पण हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातले डोळ्यांचे बडे डॉक्टर तिथंच शिकलेले. मामा मला त्यांच्याकडं घेऊन गेले. डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. "हमारे कॉलेज से पढ़ के आओ बाबा, मेरे वार्ड में तुम्हारी जगह पक्की."

मामा परभणीच्या अदालतीत पेशकार होते. न्यायाधीशापुढं कागद सरकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळं आपल्याला कायदा न्यायाधीशापेक्षा जास्त कळतो असा त्यांचा समज. परतताना गाडीत ते सारखे एकच बोलत होते. "अरे, तू मुल्की आहेस, मुल्की! तुझी जागा कोण घेणार? कुणाची बिशाद आहे?" मुल्की म्हणजे त्या राज्याचा मूळ रहिवासी. तसा दाखला असल्याशिवाय हैदराबादेत शिपायाचीसुद्धा नोकरी मिळत नसे. तो हातात असला की आमच्याकडचा माणूस निवांत झोपायचा. राज्य आहे तोवर दाखला आहे, एवढं मामांना पाठ होतं. राज्यच उठून जाईल, हे त्यांच्या काय, कुणाच्याच बापाच्या डोक्यात आलं नाही.

तरी मन लंडनकडं ओढत होतं. मी आबांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मला तुझं लंडन न्हाई का फंडन न्हाई कळत. माघारी कुठून येशील ते सांग."

"स्कॉटलंडहून येणं सोपं आहे आबा. हैदराबादला जागा आहे."

"मग तिथंच जा की. इचारतो कामून?"

झालं. लंडनला नकार कळवला.

कॉलेजात मी काय काय भोगलं ते सांगत बसत नाही. इंटरपर्यंत उर्दूतून शिकलेलं पोरगं, त्यात ती स्कॉच लोकांची इंग्रजी. पहिलं वर्ष नुसतं तोंडाकडं बघण्यात गेलं. पण निभावलं. शेवटच्या वर्षी मामांचं पत्र आलं, की हैदराबाद राज्य मोडलं, आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला, मराठी माणसं एक झाली, परभणीत पेढे वाटले. मला इतका आनंद झाला! खोलीवर दूध आटवून मी बर्फीसारखं काहीतरी केलं आणि इराणी, आफ्रिकी, स्कॉच, दिसेल त्याच्या हातावर ठेवलं. "आमचं एक राज्य झालं," म्हणत होतो. अरे गाढवा, तुझी जागा गेली, आणि तू बर्फी वाटायलास! पण खरं सांगतो, तेव्हा डोक्यात आलंच नाही. त्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी एडिंबरोच्या डोळ्यांच्या वॉर्डात उमेदवारीसाठी माझं नाव सुचवलं होतं. मी हात जोडून नाही म्हणालो. घरी माझी जागा राखलेली आहे, म्हणालो.

परत आलो तो घरी न जाता आधी थेट हैदराबादला गेलो. बडे डॉक्टर होते, त्यांनी ओळखलंही. खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "क्या करूँ बाबा, तुम्हारा तो ज़िला-इच चला गया." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यावर चिडावं असं मला फार वाटलं, पण जमलं नाही. जागा आता त्यांच्या नव्या राज्यातल्या पोरांसाठी होत्या. मी मुल्कीचा दाखला पुढं केला. बाजूच्या कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला आणि अदबीनं परत दिला.

मुंबईला गेलो. तिथं म्हणाले, या, तुम्ही आता आमचेच. पण डोळ्यांच्या वॉर्डात आधी आमच्या कॉलेजची मुलं, मग जागा उरली तर बघू. तोवर मला तालुक्याचा एक दवाखाना दिला. हगवण, हिवताप, खरूज. आणि मी वाट बघत बसलो.

पिंगळीला जाऊन आबांचे डोळे तपासले. दोन्ही बुबुळांमागं पांढरं झालेलं, मोतीबिंदू पुरता पिकलेला. अशा वेळी डॉक्टर एकच गोष्ट आधी बघतो. अंधाऱ्या खोलीत एकेका बाजूनं बॅटरीचा उजेड टाकायचा आणि विचारायचं, कुठून येतोय. रोग्याला बाजू सांगता आली, तर आतला डोळा जिवंत आहे, ऑपरेशन केलं की दिसणार. आबांनी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. मी आनंदानं ओरडलोच.

"चला औरंगाबादला, नाहीतर मुंबईला. चांगल्या सर्जनकडून काढून घेऊ."

"आन् तू?"

"मला अजून हात लावायची परवानगी नाही आबा. शिकायचं राहिलंय."

"मग शीक की. मी कुठं पळायलोय?"

मी भांडलो. माय रडली. मामांनी कायदा सांगितला. परभणीत डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा मी बैलगाडी दारात आणून उभी केली. आबा खाटेवरून उठले नाहीत. "भवानी अशी कुणाच्याबी हातची करत नसतेत," एवढंच म्हणाले. मी चिडून निघून आलो. पण मनात कुठंतरी मलाही वाटत होतं, की पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या वॉर्डाचा हुकूम येईल आणि आपणच काढू. माझा तेवढा लोभ होताच.

हुकूम आला तेव्हा दोन पावसाळे उलटले होते. त्यापुढं वॉर्डातली उमेदवारी. माझ्या हातचा पहिला मोतीबिंदू एका गिरणी कामगाराचा निघाला. हे मी आबांना कधीच सांगितलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात मी रीतसर डोळ्यांचा डॉक्टर होऊन पिंगळी स्टेशनावर उतरलो. पुन्हा पेढे चालले होते. एकानं माझ्या हातावर ठेवला, तो मी तसाच खिशात टाकला. घरी मायनं मला चुलीजवळ बोलावून हळूच सांगितलं. मागच्या हिवाळ्यात आबांचं कपाळ लय ठणकत होतं, ओकाऱ्या होत होत्या, भिंतीवर डोकं आपटून घ्यायचे. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. "पोराला कळवू नको, शिक्षण सोडून यील म्हणले." फार दिवस ठेवलेला मोतीबिंदू आत फुटतो, डोळ्याचा दाब चढतो आणि डोळा आतून मरतो. मला सगळं कळलं. एवढी पुस्तकं वाचली, ती विद्या आज कामाला आली ती यासाठी.

आबा खाटेवर तयार बसले होते. अंघोळ केलेली, धुतलेला पटका बांधलेला, दोन्ही हात गुडघ्यावर.

"आलास? चल मग. व्हऊ दे भवानी."

मी दार लावलं, खिडकीला घोंगडी टांगली. अंधार झाला. त्यांच्यासमोर बसून मी बॅटरी हातात घेतली, पण बटण दाबायचा धीर होईना. माझा श्वास त्यांना ऐकू जात असणार.

"उजव्या अंगाला हाय उजेड," आबा आपण होऊन म्हणाले. थोडं थांबले. "आता डाव्या. लख्ख दिसायलाय लेका. काढ तू."

मी बॅटरी अजून लावलीच नव्हती.

"बरोबर आहे, आबा," मी म्हणालो.