पाटलाची पायरी

जालन्याहून अजिंठ्याला सायकलींवर निघालेले आम्ही दोघे मित्र भोकरदनच्या अलीकडे पावसात अडकलो. काळ्या चिखलाने चाके जाम झाली. मित्र तापाने फणफणला होता. तिथला पाटील निजामाला उघड शिव्या घालायचा, म्हणून आम्ही भरवशाने त्याच्याच ओसरीवर आसरा मागितला.

"कोणाचा रे तू?" पायरीवर उभ्या मित्राला त्याने विचारले. महार असल्याचे मित्राने लपवले नाही.

"सायकली आत घ्या, भिजून राह्यल्यात," पाटील गड्याला म्हणाला. मग मला, "तुम्ही बी या. हा थांबंल चिंचेखाली."

"ताप आहे त्याला!"

"मंग जल्दी भोकरदन गाठा की," पाटील हसला.

आम्ही सायकली खांद्यावर घेऊन निघालो. मागे वळून पाहिले, तर धो धो पावसात गडी ती पायरी घागरीने धूत होता.