पिवळा दिवा आणि ज्ञानू मिस्त्रीचा कान

विट्यात माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आणि शेजारी ज्ञानू मिस्त्रीचं गॅरेज. मी मूळचा सांगलीचा, नारायण माझं नाव. पेठेतली माणसं मला तोंडावर नारायणराव म्हणतात आणि मागं काय म्हणतात ते मी विचारत नाही. पण ज्ञानूबद्दल लिहायचं तर मला स्वतःला झाकून चालणार नाही, म्हणून आधी नाव सांगून टाकलं.

ज्ञानू रहिमतपूरचा. पंधरा वर्षं फौजेत, तिथं गाड्यांच्या वर्कशॉपात. परत आला तो पेन्शन, एक पत्र्याची ट्रंक आणि हातभर लांबीचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्याची बायको शालूबाई म्हणायची, "माझ्यापरीस त्येच्यावर जीव लय." खोटं नव्हतं. इंजिन चालू करायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं डोळे उघडून सांगायचा, "मागलं बेरिंग." उघडलं की मागलंच बेरिंग. एकदा खानापूरच्या एका जीपवाल्यानं पैज लावली, गिअरचा कुठला दाता तुटलाय ते न उघडता सांग म्हणून. ज्ञानूनं सांगितलं. त्या जीपवाल्यानं सगळ्या पेठेला भजी चारली, मी दोन प्लेटा खाल्ल्या.

"तेल बगून काय कळतंय? गाडी बोलती गड्या, ऐकाय पायजे," हे त्याचं नेहमीचं. जीपच्या गिअरबॉक्समधून बारीक कुई आली की म्हणायचा, "तान्ह लागलीया तिला. तेल घाला." बारा वर्षांत हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

कान कधीपासून जायला लागले ते त्यालाही सांगता आलं नसतं. फौजेत असताना डाव्या बाजूला काहीतरी फुटलं होतं, त्यात भर आमच्या पेठेतल्या ठोकाठोकीची. माझ्या लक्षात आलं ते असं. आधी मूठ कानाच्या भोकाशी असायची. मग ती कानामागच्या हाडावर गेली. मग एके दिवशी बघतो तर गड्यानं मूठ दातांत धरलेली! गिऱ्हाइकांना वाटलं, ही फौजेतली खास पद्धत. दोघातिघांनी कौतुकानं मान डोलावली. मी मात्र समजलो, की आता त्याला हाडातून जेवढं ऐकू येतं तेवढंच येतं.

त्याच आठवड्यात शालूबाई दुकानात आल्या. वायसर घ्यायच्या निमित्तानं आल्या होत्या, वायसर घेतलेच नाहीत. "आवं नारायणराव, तुमास्नी कळलंय ते मला ठावं हाय. कुणापाशी बोलू नगा. त्यो कान गेला तर मानूस न्हाई ऱ्हायचा." मी शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं?

पुढची दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून तो कान सांभाळला. गिऱ्हाईक काही बोललं की मी दुकानातून मोठ्यानं तेच पुन्हा बोलायचो, जणू मला खबर द्यायची हौस. लोक मला बोंबल्या म्हणायला लागले. चालायचंच.

मग पंच्याण्णवची दिवाळी आली. आमच्याकडची अर्धी माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात, दिवाळीला सगळी गावात. त्यांतलाच भाऊसो मद्रासेहून आला तो जुनी जपानी गाडी घेऊन. तेरा वर्षांची, लांबलचक, आणि क्लच नसलेली! गिअर आपोआप पडायचे. आख्खी पेठ बघायला लोटली. भाऊसो मनानं चांगला, दिखाऊपणा थोडा जास्त. रेणावीचा चढ चढला की मीटरच्या शेजारी एक पिवळा दिवा लागतो, खाली उतरलं की जातो, असं त्याचं म्हणणं. मद्रासच्या ओळखीच्या माणसानं त्याला एवढंच सांगितलं होतं, की हा दिवा गिअरबॉक्स तापल्याचा.

"मिस्त्री, तुमच्याशिवाय ह्ये कुणाला जमायचं न्हाई," भाऊसो चारचौघांत म्हणाला.

ज्ञानूनं काम नीट केलं, हे मी सांगितलंच पाहिजे. गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. दिवा थंडीत लागतो की तापल्यावर, किती मैलांनी, सगळं विचारलं. खाली उतरून गिअरबॉक्सच्या बाजूला तेल बघायचं बूच शोधलं. आमच्या गाड्यांना असतं तसं बूच तिथं नव्हतंच. असल्या गिअरबॉक्सला इंजिनासारखी तेलाची दांडी असते आणि ती वर, पार मागं, नळ्यांच्या गर्दीत लपलेली असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मग त्याला दिव्याची एक वायर घासून उघडी पडलेली सापडली. टेप गुंडाळून तो म्हणाला, "ह्योच दोष असावा." भाऊसो रेणावीला जाऊन आला. दिवा पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत खड्ड्यावर. इंजिन चालू. ज्ञानू खाली, मीही खाली. वर कडेला भाऊसो, त्याचे दोन मेहुणे आणि चहावाला धुळा उकिडवे बसलेले. ज्ञानूनं टोक गिअरबॉक्सला लावलं. मूठ कानाला, मग हाडाला, मग दातांत. बराच वेळ डोळे मिटून राहिला. शेवटी वर बघून म्हणाला, "आवाज न्हाई. निर्मळ हाय."

आणि मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. मूठ धोतराच्या सोग्याला पुसली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "नारायणराव, तुमी बी बगा."

मी कानाला लावला. इंजिनाच्या घरघरीखाली बारीक, सलग कुई होती. डास कानाशी आल्यासारखी. माझ्यासारख्या वायसर विकणाऱ्यालाही ती स्पष्ट ऐकू आली.

मी वर पाहिलं. चार तोंडं वाकून माझ्याकडं बघत होती. मिस्त्री आत्ताच निर्मळ म्हणाला होता. गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीचा शब्द खाली पाडायचा नसतो, हे आमच्या पेठेतलं शेंबडं पोरही जाणतं. शिवाय शालूबाईंना दिलेला शब्द होताच. त्याला कडेला घेऊन मागाहून सांगू, असं मी मनाशी म्हणालो.

"काही नाही," मी म्हणालो.

ज्ञानूनं माझ्या ओठांकडं नीट बघितलं. मग वर चढला, मीटरचं झाकण खोललं आणि त्या पिवळ्या दिव्याचा बल्बच काढून भाऊसोच्या हातावर ठेवला. "दिवा खोटा. गाडी खरी." सगळे हसले, मीही हसलो. मला मागाहून सांगायचं होतं, पण लगेच चहा आला, मग भाऊबीज आली, मग माझी बहीण सांगलीहून आली. खरं कारण एवढंच, की मला जीभ उचलवली नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी ती गाडी पेठेतून गेली, उसाच्या ट्रॅक्टरला बांधलेली. भाऊसो बायकामुलांना घेऊन तासगावला निघाला होता, वाटेत गिअरबॉक्स जळून गाडी जागीच थांबली. कुणाला खरचटलंही नाही. ट्रॅक्टर गॅरेजसमोरून हळूहळू चालला होता आणि दोन्ही बाजूंची दुकानं उठून उभी राहिली होती. ज्ञानूनं हातातला पाना खाली ठेवला.

भाऊसो एक शब्द वावगा बोलला नाही. "परदेशी गाडी ती मिस्त्री, तुमचा काय दोस," असं म्हणून त्यानं ज्ञानूच्या पाठीवर हात ठेवला, म्हाताऱ्याच्या ठेवतात तसा. पुण्याचा कुणी जाणकार आणला. त्यानं मागची ती दांडी उपसली, वास घेतला आणि म्हणाला, दोन लिटर तेल कमी होतं, वेळेवर घातलं असतं तर गाडी अजून दहा वर्षं चालली असती. ज्ञानू शेजारीच उभा होता. त्याला ऐकू गेलं नाही, पण त्यानं त्या माणसाच्या हातातून दांडी घेतली, काळंभोर टोक नाकाशी नेलं आणि त्याला सगळं कळलं.

गॅरेज दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गांधीटोपी घातलेली, हातात स्क्रूड्रायव्हर. रहिमतपूरला भावाकडं कायमचे निघालो म्हणाला. मग गल्ल्यावर वाकून विचारलं, "तुमाला कुई ऐकू आली हुती न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवली, हो.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "मला ठावं हाय कान गेल्यात ते. मला ऐकू आलं न्हाई, म्हनूनच तुमच्या हातात दिला. माजा कान म्हनून दिला हुता, नारायणराव."

मला वाटत आलं होतं की मी त्याची लाज राखली. त्यानं तर त्याची सगळी अब्रू चार माणसांदेखत माझ्या हातात ठेवली होती, आणि मी ती खड्ड्यातच सोडून वर आलो होतो.

"चुकलं माझं, ज्ञानबा," मी म्हणालो. पण हळू म्हणालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

त्यानं मान तिरकी करून उजवा कान पुढं केला. "आं? काय म्हनला?"

गिऱ्हाइकं आमच्याकडं बघायला लागली. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणायला हवं होतं. एरवी पेठभर बोंबलणारा मी!

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्या ओठांकडं बघून मान डोलावली आणि पायरी उतरून स्टँडकडं चालू लागला.